सामानासकट पोपट

२०१५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा पोलीस ठाण्यात एक पोपट चौकशीसाठी हजर झाला. तक्रार ८५ वर्षांच्या एका आजींची होती. सावत्र मुलाने आपल्या हरियल नावाच्या पोपटाला पढवून ठेवलंय आणि आजी घरावरून जाताना दिसल्या की तो शिव्या घालतो, असं त्यांचं म्हणणं. जमिनीचा वाद आधीपासून होताच, त्यात आता पक्षीही उतरला होता. पोलिसांनी आजींना बोलावलं, मुलाला बोलावलं आणि मुख्य आरोपीला पिंजऱ्यासकट बोलावलं. आजी समोर उभ्या राहिल्या. अख्खं ठाणं कान देऊन बसलं. हरियलने चोच उघडली नाही. शेवटी त्याला वनखात्याच्या हवाली करून प्रकरण आवरतं घेण्यात आलं.

बातमी देशभर छापून आली आणि लोक हसले. पोपट पाळणाऱ्यांना मात्र हरियलच्या मौनाचं नवल वाटायचं कारण नव्हतं. अनोळखी खोली, अनोळखी माणसं आणि सगळ्यांची नजर एकट्यावर, अशा वेळी पोपटाच्या कुळातला पक्षी पिसं अंगाशी घट्ट ओढून घेतो, मान उंच करतो आणि गप्प राहतो. ज्याची रानात रोज कोणीतरी शिकार करू पाहतं, त्याचं हे शहाणपण. दुसऱ्याच्या घरातून आलेला वयस्क पक्षी नव्या घरात पहिले काही दिवस हेच करतो. घरचे खूश होऊन शेजाऱ्यांना सांगतात, "फार गुणी आहे हो, आवाज म्हणून नाही." तो गुणी वगैरे काही नसतो. वकील आल्याशिवाय जबाब द्यायचा नाही, एवढंच त्याने ठरवलेलं असतं.

असे पक्षी दुसऱ्या-तिसऱ्या घरी येतात याचं मोठं कारण त्यांचं आयुष्य. नीट सांभाळला तर कॉकॅटील १५ ते २० वर्षं जगतो, आफ्रिकन ग्रे ४० ते ६० वर्षं, आणि मोठे काकाकुवाही मागे राहत नाहीत. शिकागोजवळच्या ब्रूकफिल्ड प्राणिसंग्रहालयात 'कुकी' नावाचा गुलाबी काकाकुवा १९३४ साली, ऐन उद्घाटनाच्या वर्षी, ऑस्ट्रेलियातून आला आणि २०१६ साली ८३ वर्षांचा होऊन गेला. पहिल्या दिवसापासूनच्या प्राण्यांपैकी तोच एकटा उरला होता.

माणसांचे बेत इतके लांबचे नसतात. आठवीतल्या मुलाने हट्ट करून कॉकॅटील आणला, की मुलगा बारावी, इंजिनीअरिंग, जर्मनी या वाटेने निघून जातो आणि पक्षी बाल्कनीत राहतो. कुठे आजोबा जातात, कुठे नव्या सुनेला पिसांची ॲलर्जी निघते, कुठे सोसायटीच्या सभेत 'आवाजाचा विषय' येतो. मग 'चांगल्या घरी द्यायचाय, पिंजरा फ्री' असा निरोप फिरू लागतो.

हा निरोप वाचताना पक्षी कोणता, हे आधी पाहावं लागतं. गळ्यात कंठी असलेला हिरवा देशी पोपट कितीही मायेने दिला जात असला, तरी तो घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर त्याचं नाव दुसऱ्या अनुसूचीत गेलं. परदेशी पक्ष्यांचं निराळं. कॉकॅटील, बजी यांना फारसे कागद लागत नाहीत. पण आफ्रिकन ग्रे २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पक्षी एका घरातून दुसऱ्या घरात गेला तरी तसं कळवावं लागतं. म्हणजे सातबारा आणि पोपट या दोन्हींवर आता फेरफाराची नोंद होते.

कागदांपेक्षा मोठं सामान पक्षी स्वतःबरोबर घेऊन येतो, आणि ते पिशवीत मावत नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 'बर्ड लव्हर्स ओन्ली' नावाचा निवारा होता. २००७ च्या ऑगस्टमध्ये तिथे एकाने आपला पांढरा काकाकुवा आणून सोडला. नाव स्नोबॉल, वय दहाच्या पुढे. बरोबर त्याने एक सीडीही दिली. बॅकस्ट्रीट बॉईजची. ही लावा, म्हणाला, हा नाचतो. मालकांना आपापल्या पक्ष्याबद्दल असं बरंच काही वाटत असतं. निवाऱ्याच्या संचालिका आयरीना शुल्ट्झ यांनी सीडी लावली, तर पक्षी खरोखरच पाय उचलून, मान झोकून ठेक्यावर नाचायला लागला. त्याची चित्रफीत जगभर फिरली. मेंदू आणि संगीत यांचा अभ्यास करणारे अनिरुद्ध पटेल निवाऱ्यापर्यंत पोचले, गाण्याचा वेग कमी-जास्त करून त्यांनी प्रयोग केले, आणि स्नोबॉल खरोखरच ताल धरतो असा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी त्याच्या नाचातल्या १४ निरनिराळ्या हालचाली मोजल्या गेल्या. आधीच्या मालकाने सीडी घरीच ठेवून घेतली असती, तर निवाऱ्याच्या लेखी तो नुसताच एक कटकट्या काकाकुवा राहिला असता.

सगळ्यांचं सामान इतकं गोड नसतं. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे 'पोल' नावाचा आफ्रिकन ग्रे होता. घेतला होता पत्नीसाठी. ती १८२८ साली वारली आणि पक्षी साहेबांकडे राहिला. साहेब मूळचे लष्करातले. १८४५ साली त्यांच्या अंत्यविधीला लोक जमले असताना पोलने अशा काही शिव्या मोकळ्या केल्या, की त्याला बाहेर न्यावं लागलं, असं तिथे हजर असलेल्या एका गृहस्थाने लिहून ठेवलंय. पोलच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की त्या गर्दीत साहेबांच्या शब्दांत साहेबांची आठवण काढणारा तो एकटाच होता.

इंग्लंडच्या लिंकनशर वाइल्डलाइफ पार्कमध्ये तर २०२० च्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात पाच आफ्रिकन ग्रे आले. बिली, एरिक, टायसन, जेड आणि एल्सी. पाच घरांतून आलेले, पाचही जुने. रिवाजाप्रमाणे त्यांना विलगीकरणात एकत्र ठेवलं. तिथे एकाने आपल्या घरची शिवी दिली, दुसरा आपल्या घरचं हसू हसला, आणि दोन्हींचा मेळ इतका जमला की पुढे एकाने शिवी द्यायची आणि बाकीच्यांनी खो-खो हसायचं असा नेमच पडला. कर्मचारीही हसू लागले, त्यामुळे पाखरांचा हुरूप आणखी वाढला. शेवटी लहान मुलं येतात म्हणून मंडळींना वेगळं करावं लागलं. २०२४ पर्यंत असे आठ जण झाले, तेव्हा उद्यानाने त्यांना ९२ सभ्य पोपटांच्या थव्यात सोडायचं ठरवलं. आठ जण सुधारतील किंवा शंभर जण बिघडतील, हा धोका उद्यानाच्या प्रमुखांनी जाहीरपणे पत्करला होता.

तेव्हा वयस्क पक्षी म्हणजे बदलीवर आलेला हेडक्लार्क. आधीच्या ऑफिसात असं नव्हतं, हे तो रोज दाखवून देतो. त्याच्याशी जमवून घ्यायचं तर आधीचं ऑफिस कसं चालायचं याची चौकशी करावी लागते, आणि नव्या घराला नेमका तिथेच कंटाळा असतो.

ठाण्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणावं. आई, बाबा, कॉलेजातली मुलगी आणि आजी. नऊ वर्षांचा कॉकॅटील रविवारी यायचाय. मुलीने त्याचं नाव 'ऑस्कर' ठरवलंय. बाबांनी नवा मोठा पिंजरा, रंगीत झोके आणि परदेशी पेलेट्स आणलीत. आईने काका-मामांना चहाला बोलावलंय. आजीने फक्त "हे धूड कशाला?" असं विचारून घेतलंय. सगळ्यांच्या मनात उत्साह आहे आणि आजी सोडल्या तर सगळ्यांचं चुकलंय.

नऊ वर्षं ज्याला 'चिकू' म्हणून हाक मारली, तो 'ऑस्कर'ला कशाला ओ देईल? जुनं नाव, जुना पिंजरा, जुनी वाटी आणि चोच लावून झिजवलेली जुनी दांडी, हे सगळं निदान सुरुवातीला जसंच्या तसं राहू द्यावं. निरोप देणाऱ्या घराला विचारायच्या गोष्टी पुष्कळ असतात. रात्री पिंजऱ्यावर कापड टाकायचे का, आणि किती वाजता? कोणती शीळ वाजवायचे? कोणाला चावायचा? झाडूला घाबरतो का, टोपीला घाबरतो का? बाबांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी 'बोलतो का?' एवढंच विचारलं.

पाहुण्यांना महिनाभर थांबवलेलं बरं. पिंजरा बैठकीच्या खोलीत हवा, म्हणजे माणसांची वर्दळ दिसते. पण एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही याची खात्री असते. खोलीच्या मधोमध किंवा थेट खिडकीत ठेवला, तर बाहेरची घार दिवसभर त्याच्यावर पाळत ठेवते आहे असं त्याला वाटतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. झोप त्याला १० ते १२ तास लागते. मालिका संपेपर्यंत जागं राहणाऱ्या घरात हा मुद्दा वादाचा ठरतो. स्वयंपाकघर तर वर्ज्यच. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. उदबत्ती, डासांची कॉइल हेही त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. आणि पक्षी बाहेर काढायच्या आधी छताचा पंखा बंद, हा नियम मे महिन्यातसुद्धा.

पेलेट्सचा डबा कितीही महागाचा असो, चिकूला ते अन्न आहे हेच ठाऊक नसतं. आयुष्यभर राळे आणि सूर्यफुलाच्या बिया खाल्लेला पक्षी अनोळखी खाणं समोर असूनही उपाशी राहतो. म्हणून जुनं खाणं चालू ठेवून नवं चिमूट-चिमूट मिसळायचं. सोबत रोज सकाळी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन करायचं. कॉकॅटील जेमतेम ८० ते १०० ग्रॅमचा. त्यात आठ-दहा ग्रॅम उतरले तर पक्ष्यांचं जाणणारा डॉक्टर गाठायचा. पिसं फुगवून बसला म्हणून तो गुबगुबीत दिसतो, यावर विसंबू नये. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट त्याला विष आहे. हिरव्या मिरचीचं मात्र भय नको. तिखटाची झोंबणारी जाणीव पक्ष्यांच्या मज्जातंतूंना होतच नाही, त्यामुळे बाबांना ज्या मिरचीने ठसका लागतो ती चिकू बियांसकट चवीने खातो, आणि तेही त्यांच्याकडे बघत.

ओळख वाढवण्याचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. ऑफिसातून आल्यावर ते खुर्ची पिंजऱ्यासमोर ओढत, चेहरा गजांपाशी नेत आणि चिकूच्या डोळ्यांत प्रेमाने टक लावून बघत. ज्याची शिकार होते अशा पक्ष्याच्या दृष्टीने दोन्ही डोळे समोर रोखून जवळ येणारा मोठा प्राणी एकाच हेतूने येतो. चिकूचा तुरा मागे चपटा व्हायचा आणि तो सापासारखा फुसफुसायचा. बाबा म्हणायचे, "बघ, बोलायला लागला!"

आजी तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यात, पिंजऱ्याकडे अर्धवट पाठ करून, मेथी निवडत बसलेल्या असत. त्या चिकूकडे बघत नव्हत्या, हात पुढे करत नव्हत्या, स्वतःशीच पुटपुटत होत्या आणि अधूनमधून एखादं पान त्याच्या दिशेने ठेवून पुन्हा कामाला लागत. पक्षी माणसाळवणारे जाणकार नवख्यांना नेमकं हेच सांगतात. तिरपं बसा, नजर खाली ठेवा, हळू आवाजात पेपर वाचा, खाऊ ठेवा आणि मागे व्हा. आजींनी हा अभ्यासक्रम निव्वळ नावडीतून पुरा केला. तुरा अर्धा खाली, एक पाय पोटाशी आणि चोचीचा बारीक कचकच आवाज, ही समाधानाची लक्षणं चिकूने सर्वांत आधी त्यांच्याजवळ दाखवली. आजींनी तो आवाज ऐकून त्याला जंत झालेत असं निदान केलं.

हातावर घेण्याची घाई सगळ्यांना असते. इथे लाच चालते, किंबहुना लाचेवाचून चालतच नाही. त्याचा सर्वांत आवडता खाऊ वाटीतून काढून घ्यायचा आणि तो फक्त हातूनच द्यायचा. एका काडीचं टोक दाखवायचं, त्याने चोच लावली की 'शाब्बास' आणि एक बी. काडी सरकेल तसा पक्षी सरकतो, आणि एक दिवस काडीमागोमाग हातावर चढतो. त्याला परत जायचं असेल तेव्हा जाऊ द्यायचं, ही यातली खरी मेख. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांचा आफ्रिकन ग्रे ॲलेक्स, ज्याला रंग, आकार आणि सहापर्यंतचे आकडे समजत, तोसुद्धा शास्त्रीय चाचण्यांना कंटाळला की मला परत जायचंय असं इंग्रजीत सांगून मोकळा व्हायचा. चिकूला इंग्रजी येत नाही. तो मान वळवतो, अंग आखडतो, दुसऱ्यांदा तेच करतो आणि मग चावतो. घरचे म्हणतात, "अचानक चावला."

चावल्यावर बाबा ओरडले, हात झटकला, आई धावत आली, आयोडीन आलं. चिकूने हे सगळं मान वाकडी करून पाहिलं. एवढ्याशा श्रमात एवढं मोठं नाटक पाहायला मिळत असेल, तर दुसरा प्रयोग होणारच. तोंडातून आवाज न काढता त्याला शांतपणे दांडीवर ठेवणं हा खरा उपाय, पण रक्त येत असताना स्थितप्रज्ञ राहणं सर्वांनाच साधतं असं नाही.

लाड करण्याचंही शास्त्र आहे. मान आणि डोकं कुरवाळावं, तिथेच थांबावं. पाठीवरून शेपटीपर्यंत प्रेमाने हात फिरवला, तर पक्ष्याच्या संकेतांप्रमाणे ते जोडीदाराचं वागणं असतं. मुलीने आठवडाभर असा हात फिरवला आणि चिकू पंख पसरून गाऊ लागला, तिच्या मोबाइलवर राग धरू लागला. विणीच्या भरात आलेला नर घरातल्या बाकी सगळ्यांना प्रतिस्पर्धी समजतो. मुलीच्या मित्राचा फोन आला की तो किंचाळायचा. या एका बाबतीत बाबांचं आणि त्याचं एकमत होतं.

किंचाळण्याची बहुतेक तक्रार मात्र सोपी असते. थव्यातला पक्षी नजरेआड झालेल्या साथीदाराला साद घालतो आणि तिकडून उत्तर येईपर्यंत घालत राहतो. आतल्या खोलीतून कोणी "गप्प बस!" म्हणून ओरडलं, की त्याच्या दृष्टीने साथीदार सापडला. तो आणखी आनंदाने ओरडतो. त्यापेक्षा ठरलेली एक शीळ घातली तर तोही त्या शिळेवर उतरतो. चिकूची जुनी शीळ कोणती, हे कळायला अखेर आधीच्या घरी फोन करावा लागला. तिथल्या काकू फोनवर वाजवून दाखवू लागल्या, आणि अर्ध्यातच पिंजऱ्यातून पुढचा भाग आला.

एकटेपणाची किंमत पक्षी शरीराने मोजतात. २०१४ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकन ग्रे पोपटांच्या गुणसूत्रांची टोकं तपासली. वयाबरोबर ही टोकं झिजत जातात. एकटे ठेवलेले नऊ वर्षांचे पक्षी त्या मापाने जोडीने राहणाऱ्या, २३ वर्षांनी मोठ्या पक्ष्यांच्या पंगतीला बसत होते. २०२३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी घरोघरच्या १८ पोपटांना घंटी वाजवून व्हिडिओ कॉल मागायला शिकवलं. घंटी वाजली की टॅबलेटवर इतर पोपटांचे फोटो येत, आणि पक्षी चोचीने हव्या त्या मित्राला निवडे. काही जोड्यांचं इतकं जमलं की ते पडद्यापाशी गात, शेजारी झोपत. मालकांना मात्र शेजारी बसून टॅबलेट धरावा लागे.

नव्या घराने एवढं सगळं केलं तरी पक्षी शेवटी कोणाचा, हा प्रश्न कधीकधी कागदांच्या हाती राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स गावात एका इंग्रज गृहस्थांचा 'नायजेल' हा आफ्रिकन ग्रे उडून गेला. तो मालकासारखाच ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलायचा. चार वर्षांनी, २०१४ साली, तो सापडला, शरीरातल्या चिपवरून माग लागला आणि पक्षी घरी पोचला. मालकाने आनंदाने हात पुढे केला, तर नायजेल चावला. वर तो आता स्पॅनिश बोलत होता. बातमी झळकली आणि त्याच गावातलं एक कुटुंब पुढे आलं. त्यांनी हा पक्षी जुन्या सामानाच्या विक्रीत घेतला होता, त्याचं नाव मॉर्गन ठेवलं होतं आणि मूळच्या ग्वाटेमालाच्या आजी-आजोबांनी त्याला वाढवलं होतं. चिप इंग्रजाची, पावती इंग्रजाची. तरी त्याने थोडे दिवस पाहिलं, आणि मग पक्षी आजी-आजोबांना परत देऊन टाकला. नायजेल पुन्हा मॉर्गन झाला आणि घरात स्पॅनिश बोलायला लागला.